दार लावण्याआधी

पिकत्या केळ्यांचा वास आला की माझं मन अजूनही रावेरच्या त्या दुपारकडे जातं. आता मी निवृत्त आहे. जळगावात पिंप्राळ्याला राहतो, सकाळी भाजी आणतो आणि दुपारी झोपतो. बाजारात केळ्यांच्या हातगाडीपाशी माझे पाय जरा रेंगाळतात, तेव्हा गाडीवाल्याला वाटतं गिऱ्हाईक आलं आणि तो भाव सांगायला लागतो. मी मात्र तेव्हा एका थंड, अर्धवट अंधाऱ्या खोलीत उभा असतो आणि तिचं दार कुणी लावलं, का लावलं, याचा विचार करत असतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण दुपारच्या झोपेत येतं ते हेच प्रकरण. नावं कुणाची घेणार नाही. ती माणसं अजून तिथेच नांदताहेत. एकाला मिस्त्री म्हणेन आणि दुसऱ्याला मुकादम. गावही त्यांना त्याच नावांनी ओळखतं.

निवृत्तीला थोडी वर्षं राहिली होती आणि मी तिथल्या ठाण्याचा प्रभारी होतो. मे महिना. खान्देशातलं मे महिन्याचं ऊन बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. सकाळ सरली की रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, लांबचा सातपुडा पाण्यातल्या सावलीसारखा हलत असतो, आणि माणसं घरात पडल्या पडल्या ना झोपेत ना जागी अशी असतात. अशा दिवसांत तालुक्यातली सगळ्यात गार जागा म्हणजे केळी पिकवण्याची खोली. कच्ची हिरवी केळी क्रेटमध्ये भरून आत रचतात, जाडजूड दार घट्ट लावतात आणि आत गारवा नि पिकवणीचा वायू सोडतात. काही दिवसांनी दार उघडलं की हिरव्याचं पिवळं झालेलं असतं. पण पिकताना केळीसुद्धा श्वास घेतात आणि बंद खोलीतली हवा नासवून टाकतात. त्यामुळे दार लागलेलं असताना आत माणूस असता कामा नये, हा तिथला पहिला नियम आहे.

एका संध्याकाळी ठाणे अंमलदाराकडे सरकारी दवाखान्यातून फोन आला. पिकवणीच्या एका कारखान्यातला मुकादम बंद खोलीत बेशुद्ध सापडला होता. त्याची स्कूटर फाटकाशी उभी आणि माणूस कुठेच नाही, म्हणून शोधाशोध झाली होती. शेवटी कुणीतरी खोली उघडली, तर हा क्रेटच्या थप्पीमागे गोणपाटावर कुशीवर पडलेला. डॉक्टरांनी त्याला ऑक्सिजन लावून जळगावला हलवलं होतं. स्टेशन डायरीला नोंद केली आणि हवालदाराला घेऊन मी घटनास्थळी निघालो.

फाटकावरच आम्हाला अडवलं. मालक तरुण आणि उत्साही होता. परदेशी माल पाठवण्याचं नुकतंच जमलं होतं आणि त्यासाठी मुंबईहून आलेल्या सल्लागारांनी स्वच्छतेचे नवे नियम घालून दिले होते. बाहेरची चप्पल फाटकावरच्या मांडणीत ठेवायची आणि आत सगळ्यांनी पांढरे रबरी बूट घालायचे. माझ्या मापाचा बूट मिळेना. पंचनाम्याला आलेला पोलीस निरीक्षक बदकासारखा चालतोय, हे पाहून हमाल तोंड फिरवून हसत होते. मीही मनातल्या मनात त्या सल्लागारांचा उद्धार केला.

खोली पाहिली. दाराशेजारी ठळक अक्षरांत पाटी होती, आत कोणी नाही याची खात्री करून दार लावावे. आतून दार उघडण्याची कळही होती, पण तिच्यापुढे क्रेटची थप्पी रचलेली. मी आत उभा राहिलो तेव्हा दार सताड उघडं होतं, तरी तो गारवा आणि तो गोडसर वास अंगावर आला नि डोळे जड झाले. बाहेरचं ऊन, ट्रॅक्टरचा आवाज, सगळं लांब कुठेतरी गेलं. इथे माणूस झोपायला का येत असेल, हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

आणि मुकादम झोपायलाच येत असे. शेतकरी घरातला गडी, घरची थोडी केळीची बाग, सकाळी बाग पाहून इकडे हमालांची टोळी सांभाळायला येणारा. जेवण झालं की एखादी उघडी खोली बघून आत आडवा व्हायचा. हे सगळ्यांना ठाऊक होतं, मिस्त्रीला तर सगळ्यात जास्त. मिस्त्री म्हणजे खोल्यांची यंत्रं चालवणारा, दारं लावणारा माणूस. त्याचे वडील केळ्यांसाठी लाकडी खोकी बनवत. प्लास्टिकचे क्रेट आले, खोकी गेली, आणि याने करवत ठेवून यंत्रं शिकून घेतली. त्या दुपारी माल भरून झालेल्या खोलीचं दार त्यानेच लावलं होतं आणि पाळी संपवून घरी गेला होता.

रात्री मी अपघाताची नोंद करूनच झोपलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बसस्टँडसमोरचा पानटपरीवाला पान द्यायच्या निमित्ताने ठाण्यात आला. तो आमचा जुना खबरी. पान बरं लावायचा आणि बातमी त्याहून बरी.

"साहेब, अपघात नाही तो," तो पान टेबलावर ठेवत म्हणाला. "मांगच्या हप्त्यात दोघांची जुंपली व्हती. अख्ख्या टोळीदेखत मिस्त्री बोलला, एक दिस आंदर कोंडून दार लावतो, मंग झोप निवांत. कोनालेबी इचारा."

मी विचारलं. टोळीतल्या प्रत्येकाने तेच सांगितलं. मुकादम झोपायला दार किलकिलं ठेवायचा, गारवा बाहेर जायचा, आणि मालकाची बोलणी मिस्त्रीला खावी लागायची. त्यावरून शब्दाला शब्द वाढला होता. दुपारपर्यंत कारखान्यातलं कॅमेऱ्याचं चित्रणही पेनड्राइव्हवर आलं. ठाण्यात आम्ही ते पुन्हा पुन्हा पाहिलं. मिस्त्री येतो. दाराशी थांबतो. आत डोकावत नाही, हाक मारत नाही. नुसती मान खाली घालतो, क्षणभर तसाच राहतो, मग दार ओढतो आणि मूठ फिरवतो.

आमचा हवालदार धुळ्याकडचा, घरात अहिराणी बोलणारा. तो मला म्हणाला, "साहेब, बठ्ठं त दखाई ऱ्हायनं. आते काय बाकी शे?" मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्याने शुद्ध मराठीत भर घातली, "पाप करताना माणसाची मान खाली जातेच."

सगळं दिसतंय, आता उरलं काय, हा त्याचा प्रश्न रास्त होता. धमकी होती, साक्षीदार होते, चित्रण होतं. मुकादमाच्या भावाने फिर्याद दिली आणि तेव्हाच्या तीनशे सात कलमाखाली, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला. मिस्त्री घरी जेवत होता. हात धुतले आणि आमच्याबरोबर आला. त्यात आणखी एक गोष्ट होती. मिस्त्री मुसलमान आणि मुकादम हिंदू, आणि मोबाईल सगळ्या गावाकडे. दोन दिवसांत ती खोली, ते दार आणि ती खाली गेलेली मान घराघरांत पोचली. जो तो त्यात आपल्या मनातलं पाहत होता. जळगावला मुकादमाचं काही बरंवाईट झालं तर रावेरात काय होईल, याची मला काळजी होती.

चौकशीला मी स्वतः बसलो. मिस्त्री चाळिशीचा, सडपातळ, बोटांवर जुने करवतीचे वण. धमकी दिल्याचं त्याने लगेच कबूल केलं.

"बोललो साहेब. रागात बोललो. त्याले तर मी रोजच काहीनाकाही बोलतो."

"मग दार का लावलंस?"

"मी पाह्यलं व्हतं साहेब. आंदर कोन्ही नव्हतं."

"कुठे पाहिलंस?"

"खोलीत. पाह्यल्याबिगर मी दार लावतच नही."

असं त्याने कितीदा सांगितलं असेल. मी गोडीने विचारलं, दरडावून विचारलं, मध्ये चहा पाजून विचारलं. शब्द तेच. खोटं बोलणारा माणूस दर वेळी गोष्टीला थोडं रंगरोगण करतो, हा माझा अनुभव. हा मात्र एकाच जागी उभा होता. शेवटी मी त्याला चित्रण दाखवायचं ठरवलं. पुराव्यासमोर आरोपी एकतर चिडतो नाहीतर गोष्ट बदलतो. दोन्हींतून काहीतरी हाती लागतं.

त्याने पाहिलं. पुन्हा दाखवा म्हणाला. पुन्हा पाहिलं. पडद्यावरचा माणूस आत न बघता दार लावत होता आणि खुर्चीवरचा माणूस त्याच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसा बघत होता.

"मंग मी काय पाह्यलं?" त्याने विचारलं. मला नव्हे, स्वतःलाच.

बाहेर वायरलेसवर कुणीतरी बोलत होतं, पंखा गरगरत होता. मग तो अगदी शांतपणे म्हणाला, "साहेब, लिहून घ्या. मीच केलं आसंन."

"असेल म्हणजे?"

"मले काही आठवत नही. मनात वैर नव्हतं, आसं वाटे. पन दिसतंय ना इथं. मनात व्हतं म्हूनच केलं आसंन. मन काय सांगून करते का?"

पोलिसासमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. पण न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर दिली तर चालते, आणि तो तिथेही हेच बोलला असता. वरून फोन येत होते. कबुली देतोय ना, मग उद्याच घेऊन जा, गाव शांत होईल. माझ्यासमोर प्रकरण पिकून तयार होतं. फक्त हात पुढे करायचा होता. पण मला तो माणूस पाहवेना. गुन्हा केलेली माणसं आम्हाला घाबरतात, कोर्टाला घाबरतात, क्वचित देवाला घाबरतात. हा स्वतःला घाबरला होता. कोठडीत तो गजांपासून लांब, भिंतीला चिकटून बसायचा. मी वरिष्ठांना सांगितलं की घराची झडती बाकी आहे, एक दिवस द्या. ते खरंही होतं.

झडतीला मी, हवालदार आणि दोन पंच गेलो. दोन खोल्यांचं घर. झडतीला जाताना पोलीस पायताण काढत नसतात. पण समोरच्या खोलीत सतरंजीवर जेवणाची ताटं नुकतीच मांडलेली होती, आणि अन्नाजवळ बूट घालून जायचं माझ्या जिवावर आलं. मी बूट काढले. साहेबांनी काढले म्हणून हवालदाराने काढले, पंचांनी चपला काढल्या. मिस्त्रीची बायको न बोलता बाजूला झाली. आम्ही आतल्या खोलीत लोखंडी पेटी उघडून बसलो. काही मिळण्यासारखं नव्हतंच.

तेवढ्यात मिस्त्रीची म्हातारी आई शेजारून घरी आली. ती बाहेरच थांबली. आम्ही आतल्या खोलीत, तिला दिसणं शक्य नाही. तरी तिने डोक्यावरची ओढणी पुढे ओढली आणि बाहेरूनच सुनेला हाक दिली, "पानी दे बाई त्याहिले. चार मान्सं आलेत. दोन तं पोलीसच हायेत."

मी बाहेर आलो. "अम्मा, तुम्हाला कसं कळलं?"

तिने दाराबाहेर बोट दाखवलं. "हे काय, दोन बूट न् दोन चपला."

"आत नाही पाहिलंत?"

"आंदर कायले पाहाचं?" म्हातारीला माझ्या अडाणीपणाची कीव आली असावी. "जोडे पाह्यले म्हंजे मान्सं पाह्यले."

मी त्या चार जोड्यांकडे बघत राहिलो. दुपारचं ऊन त्यांच्यावर पडलं होतं. कोठडीतल्या माणसाचा आवाज माझ्या कानात आला. पाह्यलं व्हतं साहेब, आंदर कोन्ही नव्हतं. मग त्याची ती खाली गेलेली मान दिसली. ती शरमेने गेली नव्हती. तो कामच करत होता. आम्ही सगळे त्याच्या मानेकडे बघत बसलो आणि त्याचे डोळे कुठे होते ते कुणीच पाहिलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

ठाण्यात न जाता मी थेट कारखान्यावर गेलो आणि टोळीतल्या जुन्या हमालांना एकच गोष्ट विचारली, नवे बूट येण्याआधी काय घालत होता. ते म्हणाले, आपापल्या चपला, आणि खोलीत जाताना त्या दाराशी काढायच्या. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. आत माल असतो, माल म्हणजे लक्ष्मी, तिच्यात चपला घालून कोण जाईल? मिस्त्रीची तऱ्हा थोडी निराळी होती. त्याच्या वडिलांच्या कारखान्यात घडवलेल्या खोक्यांमधून कुणी पायताण घालून फिरत नसे. कारण वेगळं, हातच्या कामाचा मान, पण चपला दाराशीच. त्यामुळे इतकी वर्षं त्या दाराशी एक पहारेकरी आपोआप उभा होता. चपला दिसल्या तर आत माणूस आहे, नाही दिसल्या तर नाही. पाटीवरची सूचना कुणी वाचत नव्हतं, कारण त्याची गरजच नव्हती. मग सल्लागार आले, त्यांनी चपला फाटकावर नेऊन ठेवल्या आणि पांढरे बूट दिले. बूट तर स्वच्छच, ते काढायचं कारण नाही. पहारेकरी निघून गेला आणि त्याच्या जागी कुणी आलं नाही. तो होता हेच कुणाला माहीत नव्हतं, मिस्त्रीलासुद्धा नाही.

पण हे माझं म्हणणं झालं. म्हणण्याला पुरावा लागतो. दुसऱ्या दिवशी पंचांसमक्ष प्रात्यक्षिक करायचं ठरवलं. मिस्त्रीला आणण्याआधी मी हवालदाराला सांगितलं, फाटकावरच्या मांडणीतली चपलांची एक जोडी त्या खोलीच्या दाराशी ठेव. मालक नियमाचं काहीतरी बोलायला लागला. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तेव्हा तो बाजूला सरकला.

मिस्त्रीला दोन शिपाई घेऊन आले. नेमकं काय घडणार ते त्याला सांगितलं नव्हतं. फक्त म्हणालो, रोज लावतोस तसं दार लाव. तो स्वप्नात चालावा तसा आला. दाराला हात घातला. मान खाली गेली, आणि हात तिथल्या तिथे थांबला.

"कोन हाये रे आंदर?" त्याने खोलीत हाक मारली. आवाज रोजचा होता, थोडा वैतागलेला. "ऊठ. भाईर ये."

आत कुणी नव्हतं. त्याची हाक क्रेटांमधून फिरून परत आली. तो वाट पाहत उभा राहिला. मग त्याने पुन्हा चपलांकडे पाहिलं, मग पायातल्या पांढऱ्या बुटांकडे आणि शेवटी माझ्याकडे. दाराची मूठ धरूनच तो खाली बसला.

"साहेब, मी पाह्यलं व्हतं," तो म्हणाला.

"हो," मी म्हणालो. "तू पाहिलं होतंस."

पंच खाली बघत होते. हवालदार पाठमोरा झाला.

नंतर आम्ही कॅमेऱ्याच्या यंत्रात उरलेलं जुनं चित्रण काढलं. बूट येण्यापूर्वीचे थोडे दिवस त्यात शिल्लक होते. एका दुपारी मिस्त्री दाराशी येतो, खाली पाहतो, चपला दिसतात, थांबतो, आत तोंड करून काहीतरी बोलतो. थोड्या वेळाने मुकादम डोळे चोळत बाहेर येतो, पायात चपला सरकवतो. दोघं हातवारे करून भांडतात. मग मिस्त्री दार लावतो. आवाज नव्हता, पण ते भांडण पाहताना ठाण्यात सगळ्यांनाच हसू आलं. दुसऱ्या पाळीचा दारवालाही दर वेळी तसाच खाली पाहायचा. तेही चित्रण पंचनाम्यात घेतलं.

मुकादम शुद्धीवर आला तेव्हा मी जबाब घ्यायला जळगावला गेलो. सगळं त्याच्या बोलण्यावर होतं. आदल्या दिवशी नातेवाइकांनी त्याला काय काय पढवलं होतं, ते मला बाहेरच्या बाकावरच कळलं. खोलीत शिरलो तर तो उशाला टेकून बसला होता, डोळे अजून कुठेतरी लांब.

"काय आठवतंय?" मी विचारलं.

"सपन आठवतं साहेब," तो म्हणाला. "मी लहान व्हतो. बागेत पाटाचं पानी चालू. वरून पानं हालू राह्यली. माय मह्या आंगावर केळीचं पान घालू राह्यली, म्हने झोप आता. आसं गार मले जल्मात वाटलं नव्हतं." त्याने पांघरूण छातीपर्यंत ओढलं. "मरन आसंच आसंल तं वाईट नही."

"आणि दार?"

"दाराचं मले काय ठावं? झोपलेल्या मान्साले दार दिसतं का?"

"मिस्त्रीने मुद्दाम लावलं असं लोक म्हणतात."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच आता शुद्धीवर यायचा बाकी होतो. "त्यानं? त्यानं मले मारलं आस्तं तं मंग भांडला कोनाशी आस्ता? लिहा साहेब, मी बूट घालूनच झोपलो व्हतो. पहिले चपला काढे, हे बूट काढाले लय कटकट. बाकी मले काही सांगाचं नही."

दाराबाहेर उभ्या असलेल्या भावाने तोंड वाकडं केलं, पण जबाब झाला होता. पुरावा नसल्याचा अहवाल देऊन मिस्त्रीला सोडवलं आणि पुढे हकिकतीची चूक म्हणून प्रकरणाची क समरी, म्हणजे ते बंद करण्याची मंजुरी, मागितली. कोर्टात विचारणा झाली, मग चूक कुणाची? मी सांगितलं की आत झोपणाऱ्याची थोडी, न डोकावणाऱ्याची थोडी, कळीपुढे क्रेट रचणाऱ्याची थोडी. पण ही सगळी माणसं आधीही अशीच होती आणि आधी कुणी गुदमरलं नव्हतं. फरक फक्त चपलांच्या जागेत पडला होता. कोर्टाने समरी मान्य केली.

मालक भला माणूस. तो लगेच आणखी मोठी पाटी लावायला निघाला होता. मी त्याला म्हटलं, बाबा रे, आहे ती पाटी अजून कुणी वाचली नाही. त्याऐवजी खोलीत घालायला वेगळ्या सपाता ठेव, म्हणजे बूट दाराशी काढावेच लागतील. आणि आतल्या कळीपुढची थप्पी हलव. त्याने दोन्ही केलं. मला कुणी अभियंता म्हणणार नाही, पण त्यात अभियांत्रिकी ती काय होती?

माझी पुतणी पुण्यात यंत्रं आणि माणसं एकमेकांशी कशी जुळवावीत याचं शिक्षण घेते. तिला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "काका, आमच्यात याचा आख्खा विषय आहे. माणूस चुकला असं म्हटलं की तपास संपत नाही, तिथून सुरू होतो. आणि माणसं नियमाने काम करत नाहीत, जागा जे दाखवते त्याने करतात. जागेतली एखादी गोष्ट हलवायची तर तिच्यावर कोण विसंबून आहे ते आधी पाहावं लागतं." इतकं चांगलं शास्त्र आहे हे ऐकून बरं वाटलं, आणि ते रावेरच्या त्या फाटकापर्यंत कुणी आणलं नाही याचा रागही आला.

तपासातून मी काय शिकलो, असं तरुण अधिकारी विचारतात. मी त्यांना सांगतो की आरोपी म्हणतो ते आधी जसंच्या तसं खरं धरून पाहा. ते खरं असेल तर जग कसं असायला हवं, हे शोधा. बहुतेक वेळा तसं जग नसतं आणि तो खोटाच असतो. पण कधीतरी ते निघतं, अगदी दाराशी. दुसरं मी त्यांना सांगत नाही, कारण ते पोलिसाच्या कामाचं नाही. माणूस निर्दोष सुटला म्हणजे तो घरी पोचला असं नसतं.

मिस्त्री सुटला, पण कामावर गेला नाही. त्याच्या आईने मला निरोप पाठवला की तो दारच लावत नाही. कारखान्याचं नव्हे, घरचं. उन्हाळा गेला, पाऊस गेला, पावसाचं पाणी आत आलं तरी याच्या घराची दारं उघडी. कुणी लावलं तर उठून उघडायचा. बायको काही बोलली की म्हणायचा, माझा मला भरवसा नाही.

ऑक्टोबरच्या उन्हात त्याचा जप्त केलेला मोबाईल कोर्टाच्या हुकमाने परत द्यायचा होता. हवालदाराला पाठवता आलं असतं. मी स्वतः गेलो. भर दुपार होती. दार सताड उघडं, उन्हाचा पट्टा थेट सतरंजीवर आलेला, आणि मिस्त्री त्या पट्ट्याच्या कडेला बसलेला. आम्ही पावती केली.

तेवढ्यात मुकादम आला. तो अलीकडे येत-जात होता की त्या घटनेनंतर पहिल्यांदाच आला होता, ते मला कळलं नाही, आणि मिस्त्रीच्या चेहऱ्यावरूनही सांगता येईना. हातात डबा होता. घरच्या केळ्यांची शिकरण आहे, असं म्हणून त्याने तो म्हातारीकडे दिला. मला रामराम केला. मग घरचाच माणूस असल्यासारखा भिंतीकडेच्या खाटेवर आडवा झाला.

"जेवन झालं, झोप येऊ राह्यली," तो म्हणाला आणि कपाळावर हात घेतला. उन्हाचा पट्टा त्याच्या तोंडापर्यंत आला होता. त्याने डोळे मिटलेलेच ठेवले. "दार लाव रे. ऊन लागतंय."

घरात कुणी हललं नाही. म्हातारी डबा हातात धरून उभी राहिली. मिस्त्री खाटेवरच्या माणसाकडे बघत होता. मुकादमाचा श्वास एका लयीत सुरू झाला होता. तो खरंच झोपत होता, सोंग नव्हतं.

मिस्त्री उठला. दाराशी गेला. तिथे तो किती वेळ उभा होता मला सांगता येणार नाही. मग मागे वळून त्याने खोलीतल्या एकेकाकडे पाहिलं. आईकडे, आतल्या दाराशी उभ्या बायकोकडे, माझ्याकडे, आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात जास्त वेळ, झोपलेल्या माणसाकडे. आणि त्याने दार लावलं.